पंजाचा नवा फोन

फोन पुन्हा पडला तेव्हा पंजा हसला. हसण्यावारी नेण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. वाळूच्या ढिगाशेजारी काचेचा चुरा पसरला आणि क्रेन चालवणारी बाई वरच्या केबिनमधून ओरडली, "काय रे पंजा, हाताला तेल चोपडून येतोस का कामावर?"

सगळे हसले. पंजा सगळ्यांत मोठ्याने.

फोन निसटला हे त्याला आवाज झाल्यावर कळलं होतं. बोटांना कळलं नव्हतं. थंडी सरता सरता दोन्ही हातांची बोटं गेली होती, उजव्याची जास्त. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग काहीच नाही. उमेदीची सगळी वर्षं त्याने हवेवर चालणारी छिन्नी धरून लोखंडाचा ओतीव माल साफ केला होता. ती धरली की दातसुद्धा वाजायचे. त्या थरथरीने एकेक बोट आतून खाऊन टाकलं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

सांगणार कसा? त्याचं नावच पंजा होतं.

वितळलेलं लोखंड भट्टीतून साच्यांपर्यंत जिच्यातून नेतात ती लेडल म्हणजे माणूस उभा मावेल एवढी पोलादी बादली. आतून विटांचं आणि मातीचं अस्तर. लोखंड भरण्याआधी ती रिकामी असतानाच आत ज्योत सोडून तापवतात. अस्तर कुठे झिजलेलं असेल तर तिथून धग बाहेरच्या पत्र्यावर आधी येते; पुढे लोखंडही तिथूनच पत्रा फोडून बाहेर येऊ शकतं. नुसतं बघून काही कळत नाही, काळा पत्रा काळाच दिसतो. म्हणून पंजा तिच्याभोवती फेरी मारायचा. डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं पालथी, पत्र्याला लागतील न लागतील इतकी जवळ. फेरी झाली की म्हणायचा, "चालू दे." त्यानंतर लोखंड भरायचं. त्यानंतर ती लेडल क्रेनला लटकून माणसांच्या डोक्यांवरून जायची.

कारखान्याच्या दारात पाहुण्यांसाठी चकचकीत हेल्मेटं टांगलेली होती. सूचनांचे फलक होते, आग विझवायच्या लाल बादल्या होत्या. लेडल तपासायला मात्र एका माणसाची कातडी होती. ती फुकट मिळत होती आणि बिघडली तर तक्रार करत नव्हती, मग यंत्र कोण आणतो!

अलीकडे पंजा गाल पुढे करून बघायचा. पण गालाला सगळी लेडल मिळून एकच धग लागे, डाग वेगळा उमगत नसे. तरी तो रोज म्हणायचा, "चालू दे." आणि लेडल साच्यांवर रिकामी होईपर्यंत तिच्यावरची नजर काढायचा नाही.

"आता असा फोन घ्या की आपटला तरी हूं की चूं करणार नाही," बायको म्हणाली आणि सुट्टीच्या दिवशी त्याला दुकानात घेऊन गेली. ती शिवणकाम करायची. बोलणंही तसंच, टाक्याला टाका.

दुकानातली विक्रेती तोंडाची तिखट होती. तिने आधी एक जाडजूड, बटणांचा फोन काढला आणि कुणी काही म्हणायच्या आत फरशीवर आपटला. तो बेडकासारखा उडाला आणि पालथा पडला. तिने उचलून लगेच दिवा लावून दाखवला.

"काका, याच्यावरून ट्रक गेला तरी ट्रकवाल्याने माफी मागावी. पाण्यात टाका, धुळीत लोळवा. हातमोजे घालून बटणं दाबता येतात. खिळासुद्धा ठोकता येतो."

"खिळे ठोकायला आमच्याकडे हातोडा आहे," बायको म्हणाली. "फोन लागतो का याच्यावरून?"

"मावशी, लागतो तर! पण याच्यात तेवढंच. फोन करा, फोन घ्या. आता हा बघा."

दुसरा फोन तिने आपटला नाही. दोन्ही हातांनी पेटीतून काढला. वीटच ती, काळी, कोपऱ्यांना रबर. किंमत ऐकून बायकोने पर्स काखेत घट्ट धरली.

"याच्यात असं काय आहे?"

"याला धग दिसते."

"म्हणजे?"

विक्रेतीने पडद्यावर बोट फिरवलं आणि फोन पंजासमोर धरला.

पंजाने पाहिलं.

दुकान तेच होतं आणि दुकान नव्हतं. सगळं जांभळ्या अंधारात बुडालेलं, आणि त्या अंधारात बायको उभी होती, पेटलेली. कपाळ पिवळंधमक, कानशिलं पांढरी, नाकाचा शेंडा तेवढा जांभळा. चष्म्याच्या जागी दोन काळ्या चकत्या. गळ्याच्या बाजूने एक तेजाची रेघ खाली उतरत होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला अशी कधी पाहिली नव्हती. अशी ती रोजच असणार, पोळपाटाशी, मशीनशी, त्याच्या शेजारी झोपलेली. त्याला ठाऊकच नव्हतं.

"काय बघताय असे?" ती म्हणाली.

"तू... दिव्यासारखी दिसतेस गं."

"इश्श! दुकानात आहोत आपण."

विक्रेतीने फोन फिरवला. मघाशी उठून गेलेल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर त्याची बैठक अजून उजळलेली होती, माणूस नाही आणि माणसाची ऊब आहे. भिंतीच्या आतून गेलेली वायर पिवळ्या दोऱ्यासारखी दिसत होती. बायकोने गंमत म्हणून चप्पल काढून फरशीवर पाय ठेवला आणि उचलला, तर पाचही बोटांसकट पाऊल तिथेच राहिलं आणि हळूहळू विरलं.

पंजाला वाटलं, आपण जन्मभर हेच तर चाचपत होतो, आंधळ्यासारखं. हे सगळं जग कायम असंच जळत होतं, आणि आपल्याला त्यातली एक लेडल तेवढी ठाऊक होती, तीही बोटांच्या टोकाने.

"काका, काउंटरवर हात ठेवा. ठसा बघा कसा उमटतो."

बायकोने आधी ठेवला. काचेवर नारिंगी पंजा उमटला, पाकळ्यांसारखी पाच बोटं. मग भारावल्या तंद्रीत, विचार न करता, पंजाने आपला हात ठेवला आणि उचलला.

काचेवर नुसता तळवा उमटला. मातीच्या गोळ्यासारखा. बोटं नव्हती.

"हात नीट टेकवा ना," विक्रेती म्हणाली आणि फोन सरळ त्याच्या हातावर धरला. तळवा पिवळा होता. त्याच्यापुढे बोटं काळी होती, हिवाळ्यातल्या काटक्या जशा. "अय्या! थंडी वाजतेय का काका? चोळा बघू."

त्याने चोळले. तळवा आणखी उजळला. बोटं काळीच राहिली.

बायको पडद्याकडे बघत होती. मग तिने त्याचं मधलं बोट पकडलं आणि पदराला टोचलेली टाचणी काढून हलकेच टोचली. त्याने हात मागे घेतला नाही. त्याला कळलंच नव्हतं.

"तो बटणांचाच द्या," पंजा घाईने म्हणाला. "आम्हाला काय करायचंय धग बघून."

"थांबा," बायको म्हणाली आणि त्याला दुकानाबाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तिने टाचणी परत पदराला टोचली.

"उकळत्या चहाचा पेला सरळ हातात धरता तुम्ही. मी शेजारणींना कौतुकाने सांगते, आमच्यांचा हात लोखंडाचा आहे म्हणून."

त्याने हात खिशात घातले.

"आणि रोज 'चालू दे' म्हणता?"

"म्हणतो."

"कशावरून?"

"अंदाजाने."

"अंदाजाने! अहो, मी ब्लाउज अंदाजाने बेतत नाही. लेडलखालून माणसं चालतात."

"सांगितलं तर काढतील मला. पुन्हा छिन्नीवर तरी कोण घेणार? दुसरं येतं काय मला? सगळं नाव या हातावर आहे."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "फोन तुमचा आहे. हवा तो घ्या. बटणांचा घेतलात तर मी एक अक्षर बोलणार नाही. फक्त रोज कामावर निघताना माझ्याकडे बघू नका."

पंजा बसून राहिला. रस्त्याने माणसं जात होती. त्याला ती नुसती माणसं दिसेनात. प्रत्येकाच्या गळ्याच्या बाजूने ती तेजाची रेघ उतरत असणार, शाळेतून निघालेल्या पोरींच्या, हातगाडी ओढणाऱ्याच्या. क्रेनवाली बाई पण तशीच पेटलेली असणार. साचे भरणारा, लेडलच्या खालून शिट्टी वाजवत जाणारा ओतारी पण. त्याने आपली दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून पाहिली. कुणा दुसऱ्याची वाटली.

तो उठला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी लेडल तापत होती. आत ज्योत घोंघावत होती. पंजाने खिशातून ती काळी वीट काढली तेव्हा फोरमन खेकसला, "ए, खेळणं ठेव आत. हात लाव आणि मोकळा हो. भट्टी तयार आहे."

"हातच लावतो," पंजा म्हणाला. त्याने फोन ओताऱ्याच्या हातात दिला. ओतारी त्याचा जुना दोस्त. "मी फेरी मारतो. तू यात बघ. फोरमनसाहेब, तुम्हीही बघा."

"काय आहे काय हे?"

"बघा तर."

त्याने डोळे मिटले आणि फेरी सुरू केली. मनात म्हणत होता, आज काही नसू दे. लेडल धड निघू दे, मग सावकाश सांगू. तसा तो काही शूर माणूस नव्हता. बोटं पालथी करून तो चालत राहिला. ज्योतीचा आवाज. पायाखाली वाळू. हाताला काही नाही, काही नाही, काही नाही. फेरी संपली. सवयीने ओठ उघडले, 'चालू दे' जिभेवर आलं.

त्याने डोळे उघडले. कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. ओतारी, फोरमन, भट्टीवाला, सगळे त्या एवढ्याशा पडद्यावर वाकले होते.

"परत एकदा," ओतारी हळू आवाजात म्हणाला. "अरे, परत एकदा हात फिरव."

त्याने फिरवला. या वेळी डोळे उघडे ठेवून. लेडलच्या पोटाशी येताच ओताऱ्याचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं, आणि पंजाचा हात तिथून पुढे गेला, न थबकता.

"थांब!" फोरमन ओरडला. "ज्योत बंद करा. बंद करा म्हणतो ना!"

घोंघावणं थांबलं. ओताऱ्याने फोन पंजापुढे धरला. पडद्यावर लेडलचं पोट होतं, मावळतीच्या आभाळासारखं, खाली लाल आणि वर जांभळं होत गेलेलं. आणि त्या आभाळात, ताटलीएवढा, एक पांढराशुभ्र डाग. डोळे दिपावेत असा. त्याच्यावरून पाच काळ्या काटक्या दोनदा गेल्या होत्या आणि त्यांना काही समजलं नव्हतं.

"कधीपासून?" फोरमनने विचारलं.

"थंडी सरल्यापासून."

फोरमनने आधी एक कचकचीत शिवी दिली. मग तो पाठ फिरवून उभा राहिला. रोज तोही त्याच लेडलखालून जायचा. ओतारी पंजाच्या हाताकडे बघत राहिला. क्रेनवाली शिडीवरून खाली उतरून आली होती. तिने पडद्यात पाहिलं, लेडलकडे पाहिलं, आणि तिथेच वाळूवर बसली.

"तेल चोपडलं म्हणाले रे मी तुला," ती म्हणाली.

फोरमन वळला. "आधी डॉक्टरकडे जा. तो फोन इथे ठेवून जा."

"फोन माझा आहे," म्हणत पंजाने तो ओताऱ्याकडून परत घेतला.

फोरमन त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला. "मग तूही परत ये. त्याच्यासकट. पुढचं वर सांगून बघतो, काय होतं ते."

काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. वर बसणाऱ्यांनी आजवर एकदाही लेडलला हात लावलेला नव्हता.

पंजाच्या हातातली वीट किणकिणली. थरथर त्याला जाणवली नाही, पण आवाज खणखणीत होता. बायको होती.

"सांगितलंत?"

"नाही," पंजा म्हणाला. "दाखवलं."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. त्याने फोन कानाला तसाच घट्ट धरून ठेवला, दोन्ही हातांनी, आणि लेडलकडे बघत राहिला. आता ती नुसती काळी दिसत होती, नेहमीसारखी.