राखून ठेवलेला गाल

“दोर्ज आजोबा, उतरा खाली. पोटावर जे काय बांधलंय ते सोडा आणि शेजारी ठेवा,” वजनकाट्यावरची नजर न हलवता दुलमा म्हणाली.

“बांधलंय कुठे? म्हातारपणाचं पोट आहे गं बाई हे.”

“गेल्या महिन्यात अठ्ठावन्न भरला होतात. आज एकाहत्तर. महिन्यात तेरा किलोचं पोट?”

रांगेत हशा पिकला. आजोबांनी पुटपुटत अंगरख्याचा पट्टा सोडला. आतून निघाली मेंढीची अख्खी पाठ शेपटासकट, गोठून दगड झालेली. नव्या वर्षाच्या सणाच्या ताटात मधोमध मांडायला शहरातल्या मुलाकडे चालली होती. दुलमाने ती ढकलून बाजूला केली आणि वहीत ‘५८’ लिहिलं.

शारबुलागच्या विमानतळाला विमानतळ म्हणायचं ते आपलं कागदोपत्री. एक पत्र्याची शेड, एक वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी आणि एक धावपट्टी, जिच्यावरून शेजारच्या शेळ्या आधी हाकलाव्या लागतात. येणारं विमान पंख्याचं, तीस जणांचं, आठवड्यातून दोनदा. एवढ्याशा विमानात सामानाबरोबर माणसंही मोजावी लागतात आणि ते काम सव्वीस वर्षं दुलमाकडे होतं. गावातल्या कुणाला दिवस गेलेत, कुणाला आजाराने पोखरलंय, कुणाचं दारूने पोट सुटलंय, हे घरच्यांच्या आधी दुलमाच्या काट्याला कळायचं. आकड्यात तिने कधी कुणाची गय केली नाही. एकदा राज्यपालांच्या मेव्हण्याचं चांदीचं खोगीर तिने इथेच उतरवून ठेवलं होतं. मेव्हणा आठ दिवस शिव्या देत होता म्हणे.

आजचं विमान शेवटचं होतं. आणि प्रवाशांच्या यादीत सर्वांत खाली, कर्मचाऱ्याच्या पासावर, तिचं स्वतःचं नाव होतं.

हे सगळं सुरू झालं ते मागच्या उन्हाळ्यात, रेडिओवरच्या एका बातमीने. सरकारने बाहेरच्या देशांशी करार केला, आकाश खुलं झालं, आता कुठल्याही देशाच्या कंपनीने यावं आणि हवी तितकी विमानं उतरवावीत. सामान चढवणारा बात्सुख त्या दिवशी हसून हसून बेजार झाला होता.

“आकाश खुलं केलं म्हणे! अहो ताई, आभाळाला कुलूप कुणी घातलं होतं? माझा आजा रोज सकाळी त्याला दूध शिंपडायचा, त्याला तर कधी किल्ली लागली नाही.”

“तुला नाही कळायचं ते,” दुलमा तेव्हा म्हणाली होती. तिलाही फारसं कळलं नव्हतं. पण आठवड्याभरात कोरियाहून लेकीचा फोन आला आणि आकाश खुलं होणं म्हणजे काय ते तिला एकदम लख्ख कळलं.

“आई, तिकीट एक तृतीयांशावर आलंय! नव्या परदेशी कंपन्या सुरू झाल्यात. सणाला येते मी. नक्की येते.”

लेकीचं नाव सोलोंगो. म्हणजे इंद्रधनुष्य. पण आमच्या भाषेत कोरियालाही सोलोंगोस म्हणतात, त्यामुळे बारशापासूनच शेजारणी दुलमाला डिवचायच्या, “तूच नावात लिहून ठेवलंस, मग पोरगी तिकडेच जाणार की!” आणि पोरगी गेलीच. सहा वर्षं झाली. इंचॉनजवळच्या डबे बनवायच्या कारखान्यात ती राबत होती. त्या मार्गावर आधी दोनच कंपन्यांची विमानं होती, त्यातली एक आपली सरकारी. तिकिटाचा भाव ऐकूनच तोंडाला कोरड पडायची.

जाताना दुलमाने रीतीप्रमाणे तिच्या उजव्या गालाला नाक लावून खोल वास घेतला होता. फक्त उजव्या. लेकरू लांबच्या वाटेला निघालं की आईने एकाच गालाचा वास घ्यायचा, दुसरा परत येईल तेव्हासाठी राखून ठेवायचा. राखलेला गाल लेकराला घरी ओढून आणतो, असं दुलमाची आई म्हणायची. सहा वर्षं तो डावा गाल दुलमाच्या मनात तसाच राहिला होता. कधी दूध तापवताना, कधी शेडचं कुलूप लावताना तो आठवायचा.

मग शरद ऋतूत कंपनीचं पत्र आलं. कोरियाच्या मार्गावर सरकारी कंपनीला जे मिळायचं, त्यातूनच शारबुलागसारख्या आडगावची तोट्यातली विमानं चालत होती. आता ते मिळणं संपलं. स्वस्त परदेशी विमानात बसायला लोकांची झुंबड, आपली विमानं अर्धी रिकामी. पहिली कुऱ्हाड आडगावांवर पडली. ज्या कराराने लेकीला तेराशे किलोमीटरवरच्या शहरापर्यंत आणलं, त्यानेच शहरापासून आईपर्यंतची वाट मोडली. आता रागवायचं कुणावर? दुलमाने पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून वहीत ठेवलं.

सोलोंगो उद्या दुपारी शहरात उतरणार होती. परवा सण. मंगळवारी सकाळी तिचं परतीचं विमान. कारखान्याने रजाच तेवढी दिली होती. रस्त्याने शहर गाठायला दीड दिवस आणि त्यात खिंड बर्फाने बंद. तेव्हा आज या विमानाने दुलमाने जायचं, लेकीला भेटायचं, आणि मग खिंड उघडेल तेव्हा बसने धक्के खात परत यायचं, असं ठरलं होतं. तिने नवा निळा अंगरखा घातला होता. आठ किलो सणाचे मांसाचे मोदक करून, बाहेर गोठवून, खोक्यात भरले होते.

“ताई, आज तुम्ही नवरीसारख्या दिसताय,” बात्सुख म्हणाला.

“चल, तोंड सांभाळ. आणि तो झाडू खाली ठेव आधी. विमान जायच्या दिवशी झाडायचं नाही, कितीदा सांगू?”

“सव्वीस वर्षं हीच कटकट. माणूस प्रवासाला निघालं की त्याची पावलं झाडू नयेत, माहितीये मला! म्हणून तर ही शेड कायम उकिरडा असते.”

तेवढ्यात चुलून नावाचा वैमानिक आत आला. टोपी काढून त्याने स्टोव्हवर हात शेकले, पण चेहरा काही मोकळा होईना.

“दुलमाताई, शहरावर धुकं उतरलंय. तिथे उतरता आलं नाही तर दुसरीकडे न्यायला जादा इंधन घ्यावं लागणार. दोनशे किलो ओझं कमी करा.”

मग जी रडारड झाली ती विचारू नका. मांसाची खोकी, चीजच्या पिशव्या, कुणाच्या नातवाचं लाकडी घोडं, सगळं एकेक करून शेडच्या कोपऱ्यात आलं. सणाचं मांस ते, लोकांनी हात जोडले, एका बाईने दुलमाला सरळ दगडाच्या काळजाची म्हटलं. सगळ्यांच्या आधी दुलमाने स्वतःचं मोदकांचं खोकं उतरवलं होतं.

एकशे चाळीस झाले. उतरवण्याजोगं आता काही उरलं नव्हतं.

“साठ राहिले,” दुलमा म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिला उमगलं. सकाळी मोकळा काटा पाहून ती सहज त्याच्यावर उभी राहिली होती. नव्या अंगरख्यासकट एकसष्ट.

चुलूनलाही उमगलं असावं. त्याने आवाज खाली आणला.

“ताई, लिहा ना साठ कमी. इथे दोन, तिथे तीन, प्रत्येकाच्या नावावर थोडे थोडे. कोण तपासतंय? उद्यापासून इथे कुत्रंसुद्धा नसणार.”

“आणि तुम्हाला चालेल?”

“पोरगी येतीये तुमची. मी बघणार नाही वहीत.”

दुलमाने पेन्सिल उचलली. खरं सांगायचं तर तिने पहिल्या नावापुढचा आकडा खोडलासुद्धा. चौसष्टचे एकसष्ट केले. मग तिची नजर बाकावर गेली. तिथे एक कोवळी सून दूधपितं मूल छातीशी धरून पेंगत होती. तिच्या शेजारी दोर्ज आजोबा डोळे मिचकावत बसले होते. दर महिन्याला शहरातल्या दवाखान्यात त्यांच्या डोळ्यात सुई टोचायचे, म्हणून अजून थोडंफार दिसत होतं. सगळे तिच्याकडे बघत होते, निर्धास्तपणे. आकडा दुलमाचा आहे म्हटल्यावर काळजी कसली?

तिने एकसष्टचे पुन्हा चौसष्ट केले. मग पान उलटून यादीच्या तळाशी गेली आणि स्वतःच्या नावावर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आली.

“ताई!” बात्सुख ओरडलाच. “अहो, दुसऱ्या कुणाला उतरवा की!”

“त्यांची तिकिटं आहेत. माझा पास आहे. पासवाला आधी उतरतो, हा नियम मीच तुला शिकवलाय.”

मग तिने खिशातून वाळवलेल्या दह्याच्या वड्यांची छोटी पुरचुंडी काढली, काट्यावर ठेवली आणि वहीत लिहिलं, तीनशे ग्रॅम. पुरचुंडी आजोबांच्या हातात दिली.

“उद्या मुलाला सांगून विमानतळावर पोचवा. निळी टोपी, नाव सोलोंगो.”

“देतो गं. डोळ्यांनी नाही दिसली तर हाका मारीन.” आजोबांनी पुरचुंडी अंगरख्यात सारली. “पुढल्या महिन्यात या डोळ्यांना काय सांगू, ते मात्र कळत नाही.”

दुलमाने त्यांचा पट्टा नीट बांधून दिला. विमान धावपट्टीवर गेलं तेव्हा कुंपणाशी उभ्या आयांनी निघालेल्यांच्या वाटेवर रीतीप्रमाणे दूध शिंपडलं, तिनेही शिंपडलं. पंख्यांचा आवाज डोंगरामागे विरला आणि मग इतकी शांतता झाली की बात्सुखला उगाचच खोकावं लागलं.

सणाच्या सकाळी शहरातून फोन वाजला. दुलमाने तो चहाच्या वाडग्याला टेकवून उभा केला. सोलोंगो मैत्रिणीच्या घरी होती. नवा अंगरखा, हातावर निळं रेशमी वस्त्र, डोळे रडून सुजलेले. थोरांच्या कोपरांखाली हात धरून वंदन करायची रीत, तसे तिने दोन्ही हात पुढे केले. दुलमानेही आपले हात पुढे केले. मधे काच.

“सुखात आहेस ना आई?”

“आहे. तू खाल्लंस का काही?”

“वड्या संपवल्या कालच. ते आजोबा अख्ख्या विमानतळावर ‘सोलोंगो, सोलोंगो’ ओरडत होते! कोरियाच्या रांगेतली माणसं त्यांच्याभोवती जमली.”

दोघी हसल्या. हसता हसता पोरीचा चेहरा वेडावाकडा झाला.

“आई, माझा गाल राहिला गं,” ती म्हणाली, मान वळवली आणि डावा गाल काचेशी आणला. “इथूनच घे. घे ना.”

सगळी काच त्या गालाने भरली. आणि त्यावर, कानापासून जबड्यापर्यंत, एक गुळगुळीत, आक्रसलेला डाग होता. दुलमाने तो कधी पाहिलाच नव्हता. गेली काही वर्षं पोरगी फोन नेहमी उजव्या बाजूने धरत आली होती.

“हे काय झालं?”

“काही नाही. यंत्राची वाफ लागली. जुनं आहे, तीन वर्षं झाली.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“सांगून काय केलं असतंस? येता तर येत नव्हतं तुला.”

दुलमा पुढे वाकली. नाक काचेपासून बोटभर अंतरावर आलं. काचेला कसला वास? चहाचा आणि धुराचा. ती तशीच थांबली, मग हळूच मागे सरली.

“नको,” ती म्हणाली. “हा राहू दे. आज घेतला तर फिटेल सगळं. तू जशीच्या तशी घेऊन ये, डागासकट.”

“कशी येऊ? विमान कुठाय आता?”

“ते मला माहीत नाही. पण माझ्याकडे तुझा गाल राहिलाय, एवढं ध्यानात ठेव.”

पोरगी नुसती मान हलवत राहिली.

मंगळवारी सकाळी दुलमा शेडवर गेली. दुपारी नगरपालिकेचा माणूस किल्ली घ्यायला येणार होता. काटा एका बाजूला झाकून ठेवला होता आणि जमिनीवर अजून शुक्रवारचा चिखल होता, बुटांचे ठसे, मांसाच्या खोक्यांतले गवताचे तुकडे. उंचावरून कुठल्याशा परदेशी विमानाची पांढरी रेघ पश्चिमेकडे चालली होती. दहा वाजता दुलमाने पूर्वेकडे तोंड करून धावपट्टीवर दूध शिंपडलं.

आत आली तेव्हा बात्सुखने झाडू उचलला होता.

“आज तरी झाडू द्या ताई. साहेब येतायत, काय म्हणतील? आता इथून कुठलं विमान जाणारे?”

दुलमाने त्याच्या हातून झाडू घेतला आणि दाराआड उभा करून ठेवला.

“आज नाही,” ती म्हणाली. “सोलोंगो निघालीये. उद्या झाडू.”