पाचव्या मजल्याचं दार

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं, तेव्हाच काय ते कळलं होतं. तरी ते बोलत असताना मी मान हलवत राहिलो. गिऱ्हाईक फ्रिजचा बिघाड सांगतं तेव्हा हलवतो तशी. हिला औषध लागू पडत नाही, आता दुसरं औषध नाही, त्रास होणार नाही एवढं बघायचं.

बाहेर आलो तर बायको बाकावर मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसली होती.

"थांबा हं," ती वर न बघताच म्हणाली. "घरमालक मरायला आलाय."

घरमालक म्हणजे तिच्या खेळातला तिसऱ्या मजल्यावरचा, आग ओकणारा राक्षस. सगळ्या राक्षसांना तिने अशी नावं दिली होती. उड्या मारत अंगावर येणारे बेडूक म्हणजे माझ्या बहिणी. मी शेजारी बसलो. घरमालक मेला, तिने मोबाईल मांडीवर पालथा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सांगा."

मी हातातली फाईल उघडली आणि परत मिटली.

"बरं, राहू दे," ती म्हणाली. "लेकीला तुम्ही सांगा. ते माझ्याच्याने होणार नाही." मग थोड्या वेळाने मोबाईल माझ्या हातात ठेवला. "आणि हे शिकून घ्या."

"आत्ता?"

"मग कधी?"

खेळ लेकीनेच आईच्या मोबाईलवर घालून दिला होता. एका हाताला सुई लावून पडायचं, दुसरा हात रिकामा. जन्मभर कपडे उसवून-शिवून मापात आणून देणारी बाई, तिला रिकामा हात सोसवत नव्हता.

दुपारी खिडकीपाशी शिकवणी चालायची. खेळ दिसायला साधा. एक मनोरा, प्रत्येक मजल्यावर खोल्या, खोलीत राक्षस आणि आपण म्हणजे एक चिमुकला तिरंदाज. अंगठ्याने त्याला पळवायचं. तो थांबला की आपोआप बाण सोडतो, पळत असेल तर सोडत नाही. मेला की पुन्हा पहिल्या खोलीत. वाटेत कमावलेलं सगळं जातं, फक्त हिरवे खडे उरतात. त्यांनी पुढच्या खेपेसाठी धनुष्य थोडं बळकट करून घ्यायचं.

"अहो, नुसते पळताय कुठे? थांबल्याशिवाय बाण सुटत नाही."

"थांबलो की मारतात ना."

"एक बाण सोडायचा आणि सरकायचं. कोपऱ्यात शिरू नका, अडकाल. लांबून मारणारे आधी उडवा. अंगावर येणारे येऊ देत, त्यांना अक्कल नसते."

"त्या तुझ्या नणंदा ना?"

"म्हणून तर खात्रीने सांगते."

माझी आणखी एक अडचण होती. फ्रिजच्या नळ्या जोडायला डाग देऊन देऊन माझ्या अंगठ्याची कातडी मेलेली. पडद्याला माझा अंगठा कळायचाच नाही. मी दाबत राहायचो आणि तिरंदाज जागच्या जागी मार खात उभा. मग ती माझा अंगठा हातात घेऊन त्यावर मलम चोळायची. तिचे हात तेव्हा इतके हलके झाले होते की चोळताना कळायचंही नाही.

खोली मोकळी झाली की पडद्यावर तीन चित्रं येत. त्यातलं एक घ्यायचं. मी दर वेळी हृदय घ्यायचो, कारण त्याने जीव वाढतो.

"परत हृदय?"

"जीव कमी झाला होता."

"सुरुवातीला जीव घेऊन करायचंय काय? हातात बाण एकच असला तर तो जीव पुरणार किती? आधी बाण वाढवा."

मला ते पटायचं. तरी जीव दाखवणारी लाल पट्टी जरा आखडलेली दिसली की अंगठा हृदयावरच जायचा. मग दुसऱ्या मजल्यावर, भरपूर जीव आणि एकुलता बाण घेऊन मी मरायचो.

अशाच एका दुपारी ती पहिल्यांदा पाचव्या मजल्याच्या दारापर्यंत पोचली. एवढ्या वर कधी गेली नव्हती. बाण तिने असे जमवले होते की एका वेळी चारी बाजूंना सुटत. चौथ्या मजल्याचा शेवटचा राक्षस पडला आणि तिला मोबाईल धरवेना. तिने खेळ तिथेच थोपवला.

"आत काय आहे ते मला बघायचंय," ती म्हणाली. "आता तुम्ही न्या."

"मी? मला तुझा घरमालक आवरत नाही."

"मग आवरायला शिका. लवकर शिका."

बंद पडून खेळ जाऊ नये म्हणून तिचा मोबाईल मी चार्जरला लावून फळीवर ठेवला. शिकायला स्वतःच्या मोबाईलवर तोच खेळ घेतला. कामावर फ्रिजमध्ये गॅस भरत असताना खेळायचो, बसथांब्यावर खेळायचो. गिऱ्हाइकं बघायची, एवढा पिकल्या केसांचा माणूस काय करतोय म्हणून. घरी गेलो की ती पडल्या पडल्या विचारायची.

"कुठवर?"

"तिसरा."

"घरमालक?"

"त्यानेच हाकललं."

हसली की तिला खोकला यायचा, म्हणून पुढे पुढे मी गमतीने सांगणं सोडून दिलं.

नंतर ती विचारेनाशी झाली. दिवसभर झोपेतच असायची. घरमालक मी तिच्या उशाशी बसून मारला. एकही हृदय न घेता. "अगं, मेला," मी म्हणालो. पुन्हा जरा मोठ्याने म्हणालो. तिची पापणी हलली, की मला तसं वाटलं. त्याच आठवड्यात ती गेली.

माणसं येऊन गेल्यावर लेक काही दिवस राहिली. ती असतानाच मी फळीवरचा मोबाईल काढला. खेळ होता तिथेच होता. दाराच्या अलीकडे, तीन चित्रं पडद्यावर. एक हृदय, एक ढाल, एक आणखी बाण. लाल पट्टी सुतासारखी उरलेली. तिने थोपवला तेव्हा तिची निवड व्हायची होती, हे मला माहीतच नव्हतं.

"हृदय घ्या ना बाबा," लेक म्हणाली. "जीव बघा किती उरलाय."

"ती म्हणायची, सुरुवातीला हृदय घेऊ नका."

"पण ही सुरुवात नाहीये, बाबा."

तिचं बरोबर होतं. बायकोने मला शिकवलं ते सगळं खालच्या मजल्यांचं. या दाराशी काय घ्यायचं ते तिलाही कुठे ठाऊक होतं? चुकलो तर तिचा हा तिरंदाज पहिल्या खोलीत जाईल, तिने जमवलेले बाण जातील, आणि पुन्हा इथवर आणायला ती नाही.

लेक आपल्या घरी परतल्यावर लक्षात आलं, मोबाईलची पाठ उचलली गेली आहे. सतत चार्जरला राहून बॅटरी फुगली होती. असल्या गोष्टी मला लगेच कळतात. दुकानात नेला. दुकानदाराने बोटाने पाठ दाबून पाहिली.

"बदलायलाच लागेल काका. फुटेल एखाद्या दिवशी."

"बंद करावा लागेल?"

"बंद केल्याशिवाय बॅटरी कशी बदलणार?"

"मग यातला खेळ आहे तिथेच राहील?"

"कधी राहतो, कधी जातो. खेळून टाका ना आधी. किती वेळ लागणार?"

मी मोबाईल परत घरी आणला. खिडकीपाशी बसलो, अंगठ्याला मलम लावून घेतलं. अंगठा हृदयावर धरला, मग बाणावर, मग बाजूला घेतला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मोबाईल आता हाताला गरम लागतो आणि पडद्याची एक कड सुटली आहे. पाचव्या मजल्यावर काय आहे ते बघायचं राहिलं आहे.