मापापुरतं माणूस

“तो लाल ठिपका आधी काढ,” नवरा मुलीला म्हणाला, आणि चहाचे कप घेऊन आलेली त्याची बायको दारातच थबकली.

मुलगी कंप्युटरसमोर बसली होती आणि नवरा खुर्चीमागे उभा राहून हुकूम सोडत होता. फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनासाठी त्याने तळ्याचा जुना फोटो शोधून काढला होता. काठ तिरका दिसतोय, सरळ कर. डावीकडचं वाळकं झाड कडेला चिकटलंय, तेवढी पट्टी काप. डोंगराच्या पायथ्याचा काळोख उजळ, पण धुकं धुऊन निघता कामा नये. आकाश जरा गडद घे. त्याची उभी हयात वीज कंपनीत लोकांची बिलं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर स्वारीने डोंगर दुरुस्त करायला घेतले होते. क्लबातले त्याला ‘डोंगरवाले’ म्हणायचे आणि हा त्यावर खूश असायचा.

“पण आहे काय हे?” मुलीने चित्र मोठं केलं. पलीकडच्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लाल उभं होतं. “कुणी माणूस आहे का, बाबा?”

“कुणी नाही गं. नजर उगाच तिकडे जाते. काढ.”

मुलीने बोट दाबलं. लालच्या जागी गवत आलं. इतकं सोपं होतं ते.

दारात तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी नाही म्हणे! तिला तिथे उभं कुणी केलं होतं मग? लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चित्रात माणूस असला की डोंगराचा आकार कळतो, असं याने कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. म्हणून मापासाठी बायकोला पिटाळलं तळ्याला वळसा घालून. घोटे बुडतील एवढा चिखल, अंगात लाल स्वेटर आणि पोटात हीच मुलगी. ढग सरकेपर्यंत हलू नकोस, असं तो अलीकडून ओरडला होता. ढगाला कसली घाई? पाय बधिर झाले तरी ती हलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुजलेल्या पायांनी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली. पुढेही सुट्टी आली की त्याचा कॅमेऱ्याचा स्टँड हिनेच वाहायचा. पाऊस आला तर छत्री कॅमेऱ्यावर, ही भिजली तरी चालेल. घरात अल्बमांची चळत होती आणि त्यात नुसते डोंगर. चेहऱ्यांचे फोटो कुणीही काढतं, असं म्हणायचा. त्या सगळ्या ढिगाऱ्यात ती होती ती या एका फोटोत. धूळ झटकताना ती तो फोटो हळूच बाहेर काढायची आणि पुन्हा ठेवून द्यायची.

तिने कप टेबलावर आदळले. चहा बशीत सांडला.

“कुणी नाही काय? मी आहे ती.”

मुलगी गर्रकन वळली. नवरा मात्र हसला, लहान मुलाची समजूत घालावी तसा. त्याला ठाऊकच होतं म्हणे. पण चित्राच्या दृष्टीने पाहायला हवं. लाल रंग भडक, तो नजर ओढून घेतो, धुक्याची सगळी मजा जाते. तेव्हा तो शिकत होता, आता त्याला कळतं. यात रागावण्यासारखं काय आहे?

“तुझा चेहरा तरी दिसत होता का त्यात?” त्याने विचारलं.

“चेहरा दिसेल इतक्या जवळून कधी काढलात?”

चहा गार होतोय, असं तो पुटपुटला.

मुलीचा चेहरा पडला. आपल्याला माहीत नव्हतं गं, असं ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. एका क्षणात परत आणते, म्हणाली. तसा तो उखडला. फोटो त्याचा, नाव त्याचं, प्रदर्शनात मान खाली जायची ती त्याची. बापलेकीची चांगलीच जुंपली. शेवटी तिनेच मुलीचा हात धरला.

“राहू दे. हातापाया पडून नाही जायचं मला त्या फोटोत.”

मुलगी काम अर्धवट टाकून निघून गेली. त्याचं काही अडलं नाही. उरलेलं त्याने फोटो छापणाऱ्याकडून करून घेतलं. घरात कामापुरतं बोलणं उरलं. तो जेवताना आकाशाच्या छटांबद्दल सांगायचा आणि ती भांडी आपटायची. इतकी वर्षं आपण मूग गिळून बसलो याचाच तिला जास्त संताप येत होता.

प्रदर्शनाला ती येणार नाही असं तो धरून चालला होता. ती आली. भिंतीवर त्याचा फोटो सगळ्यांत मोठा होता. तळं सरळ, धुकं मऊ, आणि पलीकडच्या काठावर गवत. क्लबातले एकेक येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होते. काय एकांत पकडलाय डोंगरवाले, माणसाचं नाव नाही कुठे! आणि हा लाजल्यासारखं करत मान डोलवत होता. ती ऐकत होती. अंगाची लाही लाही होत होती.

मग वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. डोंगरवाल्यांना त्यांच्या चित्राशेजारी उभं करायचं होतं. नवऱ्याने केस सारखे केले, कोट खाली ओढला आणि वळून पाहिलं, तर ती फोटोच्या बरोबर पुढ्यात उभी. तळ्याकडे पाठ, तोंड लोकांकडे. त्याने डोळ्यांनी खुणावलं. ती जागची हलली नाही. फोटोग्राफरने अदबीने विनंती केली, काकू, जरा बाजूला व्हाल का? तरी ती तिथेच. नवरा अगदी जवळ आला आणि दातओठ खात म्हणाला,

“अगं, तुझ्यामुळे चित्र दिसत नाहीये.”

“मग काढा मला.”

तिने आवाजसुद्धा चढवला नव्हता. त्याने तिच्या कोपराकडे हात नेला, सगळे बघताहेत हे पाहून मागे घेतला. फोटोग्राफर कॅमेरा छातीशी धरून खोळंबला होता. ती पाय रोवून उभी होती. पोटऱ्या भरून आल्या तेव्हा तिने भार दुसऱ्या पायावर घेतला.