हिरव्या डब्यातल्या करंज्या

बुधवार कचऱ्याचा. कॅनडातल्या किचनरजवळच्या एका गावात प्रतापच्या बेसमेंटमध्ये राहणारी स्वाती पहाटे डबे रस्त्याकडेला लावायची आणि चालतच वृद्धाश्रमात ड्यूटीला जायची.

हे बेसमेंट म्हणजे प्रतापरावांचं लाडकं पुण्यकर्म बरं का! घरातली जागा कामगाराला राहायला दिली की घरपट्टी माफ, आणि पालिकेची तूट प्रांताचं सरकार अनुदानातून भरून देणार. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते माइकवरून सांगायचे, "कम्युनिटीला गिव्ह बॅक करायला हवं." लोक टाळ्याही वाजवायचे.

दिवाळीत प्रतापची बायको नीलिमा हिने फराळाचं ताट खाली पाठवलं. ते रिकामं कसं परत करायचं, म्हणून स्वातीने स्वतः केलेल्या करंज्या भरून पाठवल्या. त्याच संध्याकाळी घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला प्रताप खाली गेला आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर बघून वर आला.

"आधी कळलं असतं तर ठेवलीच नसती. त्या करंज्या टाक."

"अहो, चांगल्या तुपातल्या आहेत!"

"टाक म्हटलं ना!"

नीलिमाने टाकल्या. लेक ऊर्मी म्हणाली, "बट मॉम, दे वर सो गुड!"

बुधवारी ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्याचं झाकण उघडं होतं. वरच करंज्या. स्वातीला सगळं कळलं. आठवड्याभरात प्रतापने सांगितलं, "आईबाबा येतायत, बेसमेंट लागेल." ऐन बर्फात ती बिचारी सामान घेऊन गेली. आईबाबा काही आले नाहीत. घरपट्टीची माफी मात्र चालूच राहिली. निर्लज्जपणाला काही सीमा?

मग पालिकेचं पत्र आलं: घर बघायला येतोय. प्रताप घाबरला. "स्वातीला फोन कर. म्हणावं, इथेच राहतेस असं दाखवायला एक दिवस येऊन बस."

नीलिमाने फोन लावला. "नोकरी कशी चाललीय गं?"

"गेली, ताई. या नव्या जागेवरून पहिली बस पोचते तोवर ड्यूटी सुरू झालेली असते. रोज उशीर. काढलं त्यांनी." मग म्हणाली, "ताई, एक विचारू? करंज्या बिघडल्या होत्या का?"

जे विचारायचं होतं ते न विचारताच नीलिमाने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पालिकेची बाई आली. बेसमेंट बघून तिने विचारलं, "इथे राहणारी वर्कर कुठे आहे?"

"ॲट वर्क," प्रताप हसत म्हणाला.

"नाही," नीलिमा इंग्रजीत म्हणाली. "आम्ही तिला घालवलं. तिची जात कळली म्हणून."

"नीलिमा, गप्प बस!"

बाईला काहीच कळलं नाही. "सॉरी, जात म्हणजे?"

इतकी वर्षं या देशात राहून हे कुणाला समजावून सांगायची वेळ नीलिमावर आली नव्हती. दारात ऊर्मी उभी होती, तीही ऐकत होती. नीलिमाने बाईला खुर्ची दिली.

"बसा, सांगते," ती म्हणाली. "तिने आमच्यासाठी करंज्या केल्या होत्या. त्या मी टाकल्या, माझ्या हातांनी."