दिसेल तो रंग

चहात साखर जास्त लागली, तेव्हा कुठे मिस्त्रींना शंका आली.

एरवी संशयाला जागाच नव्हती. दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. डाव्या हाताला चपलांचा राखाडी कप्पा, समोर राखाडी भिंत, भिंतीला टेकून राखाडी सोफा. टीव्हीच्या मागे लाकडी पट्ट्या, कोपऱ्यातल्या उंच कुंडीत वाळक्या गवताचे तुरे आणि वरून कमानदार असलेला तो आरसा. मिस्त्रींनी चपला काढल्या, सोफ्यावर अंग टाकलं, ‘आलो गं’ म्हणून आवाज दिला आणि डोळे मिटले. कोणीतरी फोनवर बोलत बोलत बाहेर आलं, कप ठेवला आणि बोलत बोलतच आत गेलं. बायको बहिणीशी बोलत असेल, असं त्यांना वाटलं. कप उचलून त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि खांद्यावर टॉवेल टाकलेले एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले.

“कोण आपण?” गृहस्थांनी विचारलं.

“मी इथे राहतो. आपण कोण?”

“मीही इथेच राहतो की!”

आतून त्या गृहस्थांची सून धावत आली. तिने दोन पांढरी डोकी पाहिली, हातातल्या फोनकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अगंबाई! मी आमच्या बाबांचा चहा तुम्हाला दिला? मी बघितलंच नाही हो!”

मिस्त्री उठले. एका हाताने चपला गोळा करत ते ‘माफ करा’, ‘माफ करा’ एवढंच म्हणत राहिले. गृहस्थ मात्र खदाखदा हसत होते. “अहो, बसा, चहा तर संपवा. मलासुद्धा इथे रोज पाहुण्यासारखंच वाटतं.”

मिस्त्रींचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. त्या धंद्यातली माणसं मजले खालून नाही, वरून मोजतात. मशीनची खोली गच्चीलगत असते, काम तिथे असतं आणि तिथून जिना उतरत आलं की पहिला, दुसरा, तिसरा असा पायांनाच हिशोब कळतो. निवृत्त झाले तरी सवय सुटली नव्हती. इमारतीची लिफ्ट कुरकुरायला लागली की वॉचमन आधी त्यांच्याकडे येई, मग कंपनीला फोन करी. आजही ते मोटर बघून जिन्याने उतरले आणि पायांच्या हिशोबाने वळले. पण या इमारतीत मशीनच्या खोलीखाली पाण्याच्या टाक्यांचा एक जादा मजला होता. एरवी ते तो आठवणीने वगळत; आज पायांनी तोही मोजला आणि मिस्त्री स्वतःच्या घराच्या बरोबर डोक्यावर येऊन बसले. भिंतीवर मजल्याचा आकडा होता, पण मजला सांगायला आकडा लागतो हेच त्यांना कधी पटलं नव्हतं.

मजला चुकला याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. आत शिरल्यावरही कळलं नाही, हे मात्र जिव्हारी लागलं. लिफ्टचं दार उघडलं की मिस्त्रींना शेकडो घरं दिसत. कुणाच्या दारात हिरवा पडदा, कुणाची भिंत गुलाबी, कुणाकडे अख्खी पितळी भांड्यांची मांडणी, तर कुणाकडे भिंतभर नुसती घड्याळं. चांगली-वाईट कशीही असोत, डोळे बांधून नेऊन सोडलं, तरी पट्टी काढताच घरं ओळखू आली असती. आणि आता? एकाच पोरीने इमारतीतली अर्धीअधिक घरं सजवली होती. खालच्याकडे राखाडी, वरच्याकडे राखाडी, समोरच्याकडेही राखाडी. जणू सगळ्यांनी मिळून एकाच मोठ्या भांड्यात राख कालवली आणि वाटून घेतली. मिस्त्री एकदा मुलाला तसं म्हणाले, तर मुलाने मोबाइल पुढे धरला. “बाबा, हे बघा. जगभर हेच चालतं.”

“जगभर चालू दे. आपल्या घरात कोणाचं चालतं?” मिस्त्री म्हणाले होते. पण मुलाने रात्रंदिवस राबून हे घर घेतलं होतं, आईबापांना हौसेने आणलं होतं. एवढ्या हौसेपुढे बोलायचं तरी काय?

खाली येऊन त्यांनी बायकोला सगळा प्रकार रंगवून सांगितला. ती हसून हसून लोळेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. भाजी निवडता निवडता तिचे हात थांबले.

“तुम्हालासुद्धा कळलं नाही?” तिने विचारलं. आवाजात थट्टा नव्हती. उलट कुणीतरी सोबतीला मिळाल्यासारखा सुटकेचा सूर होता आणि तो मिस्त्रींच्या कानाने बरोबर टिपला. मोटरचा आवाज जरा बदलला तरी ज्याला झोपेत कळायचं, त्याला बायकोचा आवाज बदललेला कळायला एवढे दिवस लागले, याचं त्यांना पुढे फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून ते तिच्याकडे बघू लागले. नुसतं बघत नव्हते, चालू मशीनकडे बघावं तसं लक्ष देऊन बघत होते. ती स्वयंपाकघरातून बाहेर येताना बोटांची टोकं भिंतीवर टेकवून येत होती. दारापाशी थबकून चौकटीला हात लावत होती, मगच पाऊल टाकत होती. काचेच्या टेबलावर कप ठेवताना आधी तळवा ठेवत होती, मग कप. खिडकीजवळच्या प्लॅस्टिकच्या झाडाला ती महिनाभर पाणी घालत होती, तेव्हा बापलेकांनी तिची केवढी चेष्टा केली होती! आणि मुलगा घरी आला की तिचं ते एकच पालुपद, “चहा घेणार का रे?” आल्याबरोबर विचारायची, पाच मिनिटांनी पुन्हा विचारायची, टीव्हीपुढे बसला की आणखी एकदा. मुलगा वैतागायचा. “आई, किती वेळा तेच! हवा असला तर मागेन ना.”

एके दुपारी सोफ्याच्या कडेला आपटून तिच्या नडगीतून रक्त आलं. मिस्त्री औषध लावायला खाली बसले, तर आधीचे निळे-काळे डाग मोजता येऊ नयेत इतके.

“किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं.

तिने साडी खाली ओढून डाग झाकले. मग म्हणाली, “धाकट्या बहिणीबरोबर जाऊन डोळे दाखवून आले. एकदम नाही जायचे म्हणे. हळूहळू अंधुक होत जाणार. इलाज नाही, जपायचं.”

“आणि मला सांगितलं नाहीस!”

“काय सांगू? पोराने इतक्या हौसेनं केलंय सगळं. आणि खरं सांगू का, मला वाटलं माझे डोळे पुरतेच गेले. भिंत कुठे संपते, दार कुठे सुरू होतं, काही म्हणजे काही कळेना. आणि मग खाली भाजीवाल्याकडे गेले, तर टोमॅटो दिसले हो मला! लालभडक. लिंबं दिसली. वेगवेगळी दिसली.” तिने त्यांचा हात घट्ट धरला. “खाली गेले की दिसतं. वर आले की आंधळी होते. पण त्याला बोलू नका. माझी शपथ आहे तुम्हाला.”

मिस्त्री थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिले. या घरात ती रोज स्वयंपाक करत होती, वाढत होती, घड्या घालत होती. धुक्यात उभं राहून संसार करत होती आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. अंधाऱ्या बोगद्यासारख्या शाफ्टमध्ये दोरावर लोंबकळणाऱ्या मिस्त्रींना लोक धाडसी म्हणत. पण त्यांच्याजवळ निदान बॅटरी तरी असायची.

बोलायचं नाही, अशी शपथ होती. करायचं नाही, अशी नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला, तसं मिस्त्रींनी जुन्या पेटीतून पिवळ्या रंगाचा डबा काढला. लिफ्टच्या दारापुढे कडेला पिवळा पट्टा मारतात, पाय चुकू नये म्हणून, त्यातला. दुपारपर्यंत घरातला प्रत्येक उंबरा, प्रत्येक चौकट आणि सोफ्याचे चारही पाय पिवळेधमक झाले.

संध्याकाळी मुलगा दारातच खिळून उभा राहिला.

“बाबा, हे काय केलंत?”

“रंग मारला.”

“पिवळा?”

“का? दिसत नाही?”

“दिसतंय! लांबून दिसतंय!”

“झालं तर मग. दिसायलाच मारलाय.”

मुलाचा पारा चढला. एवढ्या मेहनतीने केलेल्या घराची कशी वाट लावली, येणारे-जाणारे काय म्हणतील, वगैरे वगैरे. मिस्त्री शपथेपायी ओठ आवळून उभे राहिले. शेवटी बायकोच बाहेर आली. भिंतीला हात न लावता, पिवळ्या उंबऱ्यावरून सरळ पाऊल टाकत आली.

“त्यांना ओरडू नकोस,” ती म्हणाली. “माझ्यासाठी केलंय त्यांनी.” आणि तिने त्याला सगळं सांगितलं.

मुलगा मटकन सोफ्यावर बसला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. “आई, मी दिसतो ना तुला?”

“उभा असलास की दिसतोस रे. सोफ्यावर बसलास, त्यात तुझे ते राखाडी शर्ट, की नाही सापडत. तू आहेस की उशी आहे, तेच कळत नाही. मग मी चहा विचारते. तू बोललास की कळतं, कुठे आहेस ते.”

मुलगा आपल्या शर्टाकडे बघत होता. मिस्त्री तोंड फिरवून खिडकीपाशी गेले.

त्यानंतरचे रविवार घरात वेगळेच गेले. मुलगा कापडांचे तुकडे आणि रंगांचे नमुने घेऊन आला. एकेक नमुना भिंतीला लावायचा, आईने लांब उभं राहून सांगायचं. आता चांगलं काय दिसतं, हा सवालच उरला नव्हता. जे दिसतं तेच चांगलं. नारिंगी दिसला. पोपटी दिसला. लाल तर तिने खोलीच्या पार टोकाहून ओळखला आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. मुलाने गडद निळा लावला. ती बघत राहिली. पुढे आली, अजून पुढे आली.

“हा काळा ना?”

जुन्या घरातलं स्वयंपाकघराचं दार तिने स्वतः निळं रंगवलं होतं. आयुष्यभर तिचा आवडता रंग कोणता, हे विचारायची गरज पडली नव्हती. मिस्त्रींनी मुलाकडे पाहिलं. मुलाने तो तुकडा हळूच घडी करून खिशात ठेवला.

“हो आई, काळाच,” तो म्हणाला.

“मग नको. काळा कशाला?”

घर तयार झालं ते असं. सोफ्यावर लाल चादर, भिंती तशाच राखाडी पण स्विचभोवती नारिंगी चौकोन, पांढऱ्या कपांच्या जागी हिरवे कप, चहा कुठवर भरला ते दिसावं म्हणून, आणि टेबलांना पितळी चकचकीत कडा. प्लॅस्टिकचं झाड गेलं. त्या जागी खरी मिरची लागली, कारण मिरच्या लाल झालेल्या तिला दिसणार होत्या. कुठल्याही मोबाइलमध्ये असं घर सापडलं नसतं. वरचे गृहस्थ मुद्दाम बघायला आले, दारातच थबकले आणि म्हणाले, “वा! इथे मात्र कुणी चुकून शिरणार नाही.”

मुलाने सोफ्याची ती चादर धुवायला टाकली होती, त्या संध्याकाळची गोष्ट. सोफा पुन्हा मूळचा राखाडी झाला होता. मुलगा कामावरून आला, काही न बोलता, पायांचा आवाजही न करता येऊन बसला. अंगात भडक नारिंगी शर्ट होता. असा रंग त्याने उभ्या जन्मात घातला नव्हता आणि मानेपाशी दुकानातली चिठ्ठी अजून लोंबत होती.

आतून ती कप घेऊन निघाली. मिस्त्री बाल्कनीच्या दारात उभे होते, ते तिथेच राहिले. नवी लिफ्ट बसवली की पहिल्यांदा ती रिकामी सोडायची, आत जमिनीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवून. ती वर जाऊन येईपर्यंत कुणी बोलायचं नाही, अशी त्यांच्या टोळीची रीत होती. दार उघडायचं, पेला तसाच भरलेला असायचा आणि इतक्या वर्षांनंतरही दर वेळी मिस्त्रींच्या अंगावर शहारा यायचा. आज तो तसाच आला. हात भिंतीला नाही, नजर खाली नाही. पिवळा उंबरा तिने असा ओलांडला की जणू तो कायम तिथेच होता. खोलीच्या मध्यावरून ती सरळ सोफ्यापाशी आली, चहा घेणार का, असं न विचारता थांबली आणि कप बरोबर मुलाच्या हातात दिला. एक थेंब सांडला नव्हता.

मग तिने मान जरा तिरकी करून त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

“हा रंग तुला अजिबात शोभत नाही रे,” ती म्हणाली.

मुलाने मानेपाशी लोंबणारी चिठ्ठी तोडून टाकली. दुसऱ्या दिवशीही तो तोच शर्ट घालून आला.