दवाखान्याबाहेरचा बाक

शाहपूर रस्त्यावरच्या आमच्या कारखान्यात केळीसाठी पुठ्ठ्याची खोकी बनतात. तिथल्या रोलरमध्ये चैत्रात सुकलालची तीन बोटं गेली. थांबवायचं बटण समाधानच्या हाताशी होतं. त्यानं ते लगेच दाबलं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण आपल्याकडून उशीर झाला हे त्याच्या मनातून जाईना. तेव्हापासून तो चालतं मशीन उगीचच बंद करायचा, एका पाळीत पाच-पाच वेळा.

दर मंगळवारी कारखान्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टर यायच्या, वैजयंती मॅडम. पण त्यांच्या खोलीबाहेरचा बाक नेमका हजेरीच्या खिडकीसमोर. तिथं बसला तो बदनाम झालाच समजा.

समाधान मला विचारायला आला. मी भजनी मंडळातला जुना टाळकरी, माझ्या शब्दाला मान. छातीठोक सांगितलं, "डॉक्टर कशाला? कीर्तनाला चल. नामापुढं काही टिकत नाही."

आला बिचारा. तीन एकादश्या माझ्याशेजारी टाळ घेऊन उभा राहिला. तिसऱ्या खेपेला बुवा ऐन रंगात आले, मृदंग चढत गेला, मंडप घुमू लागला. माझे डोळे भरून आले होते. सहज शेजारी पाहिलं, तर समाधानचा टाळ खाली पडलेला, अन् अंगठा मंडपाच्या खांबावर. दाबतोय, पुन्हा दाबतोय. सदरा घामानं चिंब. माझ्या कानात गजर होता, त्याच्या कानात रोलर.

निघताना म्हणाला, "काका, मंगळवारी राजीनामा देतो. माझ्यामुळे अजून कोणाचा हात जायला नको."

मला गोड लागलेलं औषध मी त्याला पाजत बसलो होतो. नाव देवाचं, हट्ट माझा.

मंगळवारी पाळी बदलायच्या वेळीच मी जाऊन त्या बाकावर बसलो. कपाळी गंध, गळ्यात माळ. रांगेतून भूपेंद्र ओरडला, "काय पांडूकाका, तुमचं बी सरकलं का?"

"सरकलंय बाबा. तुझं जागेवर आहे ना? मग हजेरी लाव."

हशा पिकला. ऑफिसकडे निघालेला समाधान थबकला. "काका, हे काय? लोक देखून राहिले ना."

"देखू दे. बस."

"तुम्हीच तर म्हणले होते, नाम घे..."

"नाम सोडू नको. पण मी चुकलो लेका. तुझं दुखणं मला कळलंच नाही. ज्यांना कळतं त्या आत बसल्यात."

त्यानं एकदा हजेरीच्या खिडकीकडे पाहिलं. मग टेकला, अगदी कडेला. खिडकीपाशी कोणीतरी मुद्दाम खोकलं. मॅडमनी दार उघडलं, "पहिलं कोण?" तेव्हा तो उठला आणि खाली मान घालून आत गेला.

पाऊण तासानं बाहेर आला. डोळे लाल.

"काय म्हणाल्या रे?"

"काही नाही. ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, राजीनामा आठ दिवस थांबू दे. तोवर मशीनवर नाही, खोकी बांधायच्या कामाला. साहेबांशी त्याच बोलतील. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय."

तेवढ्यात दारातून हाक आली, "आजोबा, तुम्ही?"

"मी? मी आपला उगीच..."

"जा ना काका," समाधान म्हणाला, "सुकलालला तुम्हीच तर उचललं होतं."

मी चपला बाहेर काढल्या आणि आत गेलो.