खुर्च्यांखालून फिरलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. आज मला पाहाल तर म्हणाल, बिचारी, अंगाला तार गुंडाळलेली, एका लंगडणाऱ्या बाईंना आधार देते. बिचारी वगैरे काही नाही. मी माणसांना फोडून काढलं आहे, आणि एके काळी मला त्याचा भलताच तोरा होता.

एका सुताराने मला कडक लाकडातून घडवलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि टोक झिजू नये म्हणून लोखंडी शेंबी ठोकली. त्याला वाटलं असेल, ही एखाद्या आजोबांबरोबर सकाळ-संध्याकाळ फिरून येईल. पण मला नेलं एका थिएटरच्या डोअरकीपरने. तो माझा धनी झाला.

धनी मनगटाने दणकट आणि डोक्याने तापट होता. तिकीट-खिडकीशी रेटारेटी सुरू झाली की तो मला घेऊन गर्दीत घुसायचा. पाठी, पोटऱ्या, कोपरं, जे समोर येईल त्यावर मी बसायचे. एकदा एका गुंडाने चाकू काढला. मी त्याच्या मनगटावर अशी उतरले की चाकू एकीकडे आणि तो दुसरीकडे. शेंबीला रक्त लागलं होतं. थिएटरच्या मालकाने धन्याची पाठ थोपटली, आणि धन्याने घरी येऊन मला तेल चोळलं. मी तर फुगूनच गेले.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मुलांसाठी परीकथांचे पिक्चर लागायचे. पहिला शो सुटला की काही पोरं बाहेर न जाता खुर्च्यांखाली सरपटायची, तोच पिक्चर पुन्हा बघायला. त्यांना हुसकवायची धन्याची एक पद्धत होती. रांगेच्या टोकाशी उभं राहायचं आणि मला खुर्च्यांखालून जोरात फिरवायचं. वाकायचं नाही, बघायचं नाही. बरोबरचे लोक म्हणायचे, अरे, बॅटरी मारून बघ की जरा. त्यावर तो म्हणायचा की पोरांपुढे वाकायला मी काही त्यांचा नोकर नाही. पोरं कळवळून बाहेर पडायची, नडग्या चोळत धूम ठोकायची, आणि हा हसायचा. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू?

त्या दिवशी पिक्चर होता दोन बहिणींचा. थोरलीला चेटकिणीने दगड केलेलं, आणि धाकटी तिला सोडवायला अनवाणी सात डोंगर चालत निघालेली. धन्याची आठ वर्षांची लेक दाराशी उभी राहून पहिला शो बघत होती. शेवट जवळ आला आणि नेमकी धन्याला भूक लागली. त्याने तिला घरी डबा आणायला पिटाळलं. ती आली तोवर शो सुटला होता. तिने डबा दाराशी ठेवला आणि कुठे नाहीशी झाली, कोणी पाहिलं नाही.

धन्याने मला नेहमीसारखं फिरवलं. मागून तिसऱ्या रांगेत मी कशावर तरी आदळले आणि ते मोडलं. लाकूड कोणतं आणि हाड कोणतं, मला बरोबर कळतं. पण आवाज कोणाचाच आला नाही. धन्याला वाटलं, खुर्चीचा पाय असेल. त्याने आणखी एक ठेवून दिला, पहिल्यापेक्षा जोरात, आणि पुढे गेला.

दुसरा शो सुटल्यावर झाडूवाली किंचाळली. धनी मला घेऊनच धावला. मागून तिसऱ्या रांगेत त्याचीच पोर खुर्चीवर बसली होती. घोट्याचं हाड कातडीतून बाहेर आलं होतं. ओठ तिने इतका चावला होता की फ्रॉकभर रक्त सांडलं होतं. आपल्याला कोणी मारलं, ते तिने विचारलं नाही. तिला ठाऊक होतं.

घोटा वाकडा जुळला. घरी धन्याने मला गुडघ्यावर घेतलं, मोडायलाच. बायकोने मला हिसकावलं. ती म्हणाली, "नका मोडू. आता तिला टेकायला लागेल."

जो पाय मी मोडला, त्याचीच मी सोबतीण झाले. लाजेने मेले असते, पण काठीला मरता येत नाही. लेकीला चालण्याची भारी हौस. दुखलं तरी रोज संध्याकाळी नदीच्या रस्त्याने बागेपर्यंत जायची, ओळखीच्या कुत्र्यांशी बोलायची, बाकावर बसून पाणी बघायची. पुढे आई गेली, बाप थकला, आणि तोही बरोबर येऊ लागला. भिंती धरधरून चालायचा, पण मला हात लावायचा नाही. चाळीस वर्षं त्या दुपारबद्दल बापलेक अवाक्षर बोलले नाहीत.

परवा बाग बंद व्हायची वेळ झाली होती. पहारेकरी फोनवर बोलत बोलत झुडपांत, बाकांखाली काठी हाणत येत होता. तो आवाज ऐकून म्हातारा जागीच थबकला. पहारेकऱ्याने तळ्याकाठच्या बाकाखाली हाणायला काठी मागे नेली, आणि म्हाताऱ्याने आपला हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखला. पहारेकरी भडकला. वेडा आहेस का थेरड्या, म्हणत त्याने पुन्हा काठी उगारली. लेकीने मला आडवं धरलं. तो घाव मी अंगावर घेतला आणि मला उभी चीर गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी मार अडवला होता.

म्हातारा गुडघ्यांवर बसला होता. तो म्हणाला, "आधी वाकून बघ."

पहारेकरी वाकला. बाकाखाली लपाछपी खेळणारी एक चिमुरडी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. पहारेकऱ्याच्या हातातली काठी गळून पडली.

म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिलं. "त्या दिवशी... तुला शेवट दिसला का गं?"

"दिसला. ओरडले असते तर तुम्ही बाहेर काढलं असतं."

म्हातारा लहान मुलासारखा रडला. म्हणाला, मी दारातच असायचो, तो शेवट मी कधी बघितलाच नाही. लेकीने मला त्याच्या धड हातात दिलं आणि स्वतः त्याच्या खांद्याचा आधार घेतला. "चला बाबा. दवाखान्यापर्यंत सांगते." सातव्या डोंगरावर धाकटीच्या पायांतून रक्त येतं, तिथून तिने सुरुवात केली. दोघं लंगडत-अडखळत चालली होती, आणि मी मध्ये.

मित्रांनो, मला जपा, तेल लावा, असं काही मी मागत नाही. हात उगारण्याआधी वाकून बघा, एवढंच. खाली कोणीतरी तोंड दाबून बसलेलं असतं.